आईबरोबर वेधशाळेत

सुट्टीच्या दिवशी काय करतेस असं कुणी विचारलं तर मी खरं ते सांगते. कॉम्प्युटरवर गेम खेळते. मग समोरचा माणूस आधी गप्प होतो आणि नंतर आवाज उगाच मऊ करून विचारतो, म्हणजे कसं? हा मऊ आवाज मला अजिबात सहन होत नाही. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, आणि त्या आवाजातली दया मला शेजारच्या खोलीतूनही ऐकू येते. तरी सांगते, कारण खेळ खरंच सांगण्यासारखे आहेत.

या खेळांत चित्रं नसतातच. पडद्यावर नुसता मजकूर येतो, तोही इंग्रजीत. तुम्ही एका अंगणात उभे आहात, समोर लाकडी दार आहे, उत्तरेला पायवाट जाते. आपण टाइप करायचं, दार उघड, नाहीतर उत्तरेला जा. लगेच पुढचा मजकूर हजर. अशी कोडी सोडवत, वस्तू गोळा करत, बंद दारं उघडत शेवटाला पोचायचं. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर माझ्याकडे असतोच, माझी बँकेतली नोकरी त्याच्यावरच चालते. त्याचा वेग मी इतका वाढवून ठेवलाय की नवख्या माणसाला ती भाषा आहे हेसुद्धा कळत नाही. आई म्हणते, फोडणीत मोहरी तडतडल्यासारखं वाजतंय नुस्तं.

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ पुण्याला असतो. माझी दृष्टी कॉलेजच्या शेवटच्या वर्षात गेली. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं होतं, त्याला उपाय नव्हता, आणि नसलेला उपाय शोधण्यात घरच्यांनी काही कसर सोडली नाही. दवाखाने झाले, नवस झाले, आईच्या माहेराहून, मैंदर्गीहून, मामाने आणलेला कसला तरी कडू काढा झाला. मग एक दिवस आईने हे सगळं बंद केलं आणि स्वतःपुरता एक नेम धरला. रोज संध्याकाळी मला घेऊन बागेपर्यंत फिरायला जायचं आणि वाटेत जे दिसेल ते मला सांगायचं. कुणाच्या दारात कसली रांगोळी आहे, कुणी घराला हा असा भडक रंग लावलाय, कुठल्या गच्चीवर कसल्या साड्या वाळत पडल्यात. वीस-बावीस वर्षं हा नेम चालू आहे. मी कधी कधी वैतागते, म्हणते, अगं आज नुसती चाल. तेवढ्यापुरती ती गप्प बसते आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू होते.

भावाचा दर दिवाळीला एकच धोशा, सोलापूरचं घर बंद करा आणि पुण्याला चला. तो वाईट नाही. जरा मोठ्याने बोलतो आणि दुसऱ्याचे निर्णय चटकन घेतो, एवढंच. आईचं उत्तर ठरलेलं असायचं, मी आहे ना हिला, माझे डोळे आहेत तोवर आम्ही इथेच. त्यावर भाऊ विषय सोडून द्यायचा. माझी नोकरी, माझा रोजचा रस्ता, माझ्या हाताच्या अंदाजावर लावलेलं आमचं स्वयंपाकघर, हे सगळं आईच्या त्या एका उत्तरावर टिकून होतं. मला त्याचा राग यायचा, पण उत्तर उपयोगाचं होतं म्हणून मी काही बोलायची नाही.

आई खेळात आली ती गेल्या उन्हाळ्यात. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे दुपारी दार उघडायची सोय नाही. रविवारी जेवणं झाली की कूलर लावून मी कॉम्प्युटरशी बसते आणि आई कॉटवर काही ना काही निवडत बसते. आमच्यासारख्यांचा एक ईमेल गट आहे, तिथे कुणीतरी नवा खेळ सुचवला होता. डोंगरावर एक ओसाड वेधशाळा आहे, तिथला मुख्य माणूस नाहीसा झालाय आणि त्याचा शोध घ्यायचाय. आईने विचारलं, आज कुठं हिंडतीयास? मी सहज मराठीत सांगायला लागले. मी हेडफोन काढून ठेवला, मजकूर ऐकायचा, तिला सांगायचा, ती म्हणेल ते टाइप करायचं, असं चालू झालं.

आईचं खेळणं बघण्यासारखं होतं. पहिल्याच दालनात टेबलावर कंदील होता. या खेळांत दिसेल ते उचलायचं असतं. दोरी, किल्ली, तुटका चमचा, काहीही असो, पुढे कुठेतरी लागतंच. आई अडून बसली. दुसऱ्याचा कंदील आपण का उचलायचा? मी म्हटलं, इथे कुणी राहत नाही. तर म्हणे, मग पेटलेला कसा? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तरी तिचं ऐकून आम्ही कंदिलाशिवाय पुढे गेलो, अंधाऱ्या जिन्यावरून पडलो आणि मेलो. खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागला. मग परत आणून ठेवायच्या बोलीवर तिने कंदील घेऊ दिला. फाटकावरच्या रखवालदाराला तिला त्याचं गाव विचारायचं होतं. मी ते टाइप केलं, खेळ म्हणाला, मला हे समजत नाही. आई म्हणाली, त्याला कुनी शिकवलंच न्हाय की बोलायला.

दिशांच्या बाबतीत मात्र तिने मला मागे टाकलं. डावं-उजवं तिच्या तोंडात फारसं नसतं, मैंदर्गीत घरंसुद्धा उगवतीच्या अंगाची आणि मावळतीच्या अंगाची. त्यामुळे पूर्वेला जा, पश्चिमेला वळ, हे तिला घरचंच वाटलं. मी दोन दालनांत गोंधळले की ती कॉटवरून सांगायची, मावळतीला चल, जिना तितं हाय. वेधशाळेचा सगळा नकाशा तिच्या डोक्यात पक्का बसला होता. मला आनंद व्हायचा तो निराळाच. बाहेर ती बघणार आणि मी ऐकणार, हे आमचं इतक्या वर्षांचं ठरलेलं. त्या वेधशाळेत आम्हा दोघींना सारखंच दिसत होतं, आणि कुणी कुणाला नेत नव्हतं.

एकदा एका खोलीत आम्ही छताला लटकलेली दोरी सोडवून घेतली. पुन्हा त्या खोलीत आलो तर मजकूर तोच, छताला एक दोरी लटकते आहे. लिहिणाऱ्याचा आळशीपणा. दोरी नेल्यावर वर्णन बदलायला हवं, ते त्याने बदललंच नव्हतं. मी चिडले, असल्या चुकांनी माझं डोकंच फिरतं. आई हसून म्हणाली, "लिवनारा परत बगाय आलाच न्हाय. पयल्यांदा बगितलेलं सांगतोय बिचारा."

पावसाळा गेला, थंडी गेली, आई खेळात रंगतच गेली. रात्रीच्या मालिका तिने सोडून दिल्या. मी विचारलं तर म्हणाली, आता त्यात कोन बोलतच न्हाय, नुस्तं एकमेकांकडं बगत बसत्यात आन् मागं ढोल वाजतो. मी बँकेत सगळ्यांना फुशारकीने सांगितलं की माझ्या खेळाने आईच्या मालिकेला हरवलं. त्याच सुमाराला भातात खडे यायला लागले. आईच्या हातच्या भातात खडा हे मी जन्मात कधी अनुभवलं नव्हतं. मी दुकानदाराला फोन करून चांगलं झापलं. तो बिचारा म्हणत राहिला, ताई, माल तोच आहे. मी तांदूळच दुसऱ्या दुकानातून आणायला लागले, आणि खडे येतच राहिले.

मग या एप्रिलमधली ती संध्याकाळ. आम्ही नेहमीसारख्या बागेकडे निघालो होतो. वाटेत कोपऱ्यावर एका घराबाहेर गुलमोहराचं मोठं झाड आहे. त्याची सावली मला तोंडावर कळते, भट्टीतून निघून मठाच्या गार ओट्यावर बसल्यासारखं वाटतं. आई म्हणाली, यंदा गुलमोहर लई फुललाय, पान दिसंना नुस्तं लाल. आणि माझ्या डाव्या गालावर ऊन होतं. मी चालायची थांबले. पायाखाली एक पाकळी नव्हती. काठी पुढे फिरवली तर ती कशावर तरी आदळली, वाकून हात लावला तर गुडघ्याएवढा बुंधा, वरून सपाट कापलेला, अजून चिकट. आई विचारत होती, का थांबलीस? मी म्हटलं, चपलेत खडा गेलाय. पुढे बागेपर्यंत ती काय काय सांगत राहिली, आणि मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. पिवळी गच्ची, निळा दरवाजा, जाळीवरची कारल्याची वेल. सगळं मी आधी ऐकलेलं होतं, त्याच शब्दांत.

त्या आठवड्यात मी काहीच बोलले नाही, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते किती जड गेलं हे माझं मलाच ठाऊक. मी तिच्यावर पाळत ठेवली. ती डबे झाकण चाचपून ओळखत होती. ती कपात चहा ओतत असताना मी हात लावून बघितला, तर तिचं बोट काठाशी होतं. पैसे देताना ती नोटेची लांबी अंगठ्याने मापत असल्याचं ऐकू येत होतं. हे सगळं माझं होतं. मी अंधांच्या केंद्रात जाऊन शिकून आले होते आणि तिने माझ्याकडे बघून, दिसत होतं तोवर, शिकून घेतलं होतं.

रविवारी खेळायला बसलो. कॉटवर तिचं तांदूळ निवडणं चाललं होतं, ताटात दाणे सरकत होते. मी कीबोर्डवरचा हात काढला आणि म्हटलं, "आई, कोपऱ्यावरचा गुलमोहर तोडलाय."

ताटाचा आवाज थांबला. कूलर तेवढा घरघरत होता. तिने विचारलं, "कवा?"

मी भांडले. खोटं कशाला बोलू, आधी रडायला हवं होतं, पण मी भांडले. मी आंधळी आहे हे तिला वीस वर्षं ठाऊक आहे आणि ती काय आहे हे मला वर्षभर ठाऊक नाही, हा कुठला न्याय? माझा हात धरून ती मोठा रस्ता ओलांडत होती, ट्रक आला असता तर? ती खालच्या आवाजात म्हणाली, तुझी काठी थांबली की मी थांबत होते, तू निघालीस की निघत होते. म्हणजे वर्षभर मी तिला नेत होते आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. का लपवलंस विचारलं तर तिने भावाचं नाव काढलं. त्याला कळलं की तो दोघींना उचलून नेईल. दोन आंधळ्या बायकांना या घरात कोण राहू देणार? तिला स्वतःचे डोळे जाण्यापेक्षा माझं घर सुटण्याची भीती जास्त होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला दवाखान्यात नेलं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. डॉक्टर बाई स्वच्छ बोलल्या, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थोडी आहे, ती थेंब नेमाने घातले तर टिकेल. वर्षभर आधी आल्या असतात तर बरंच वाचलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. आईने विचारलं, किती दिस टिकंल? त्या म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही.

परतताना रिक्षात ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुजं जात हुतं तवा तुला कसं वाटायचं गं?" तेव्हा दवाखाने, नवस, काढे यांतून हे मला कुणीच विचारलं नव्हतं, तिनेही नाही. मी सांगितलं, अंधाराची भीती फार नव्हती, तुम्ही सगळे माझ्या डोक्यावरून माझ्याबद्दल बोलायचात त्याची होती. मी खोलीत असायचे आणि तुम्ही म्हणायचात, हिचं आता कसं व्हायचं. आई म्हणाली, मी बी म्हनायची की. मी म्हटलं, हो, तूच जास्त. मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला एकदम रडू आलं. रिक्षावाल्याने न विचारता गाडी हळू केली.

भावाला कोण सांगणार हा प्रश्न होता. मी साफ नकार दिला. तुझे डोळे, तू सांग. तिने फोन केला आणि तो शनिवारी पुण्याहून आला. येतानाच त्याचं सगळं ठरलेलं होतं. त्याच्याकडची एक खोली आमच्यासाठी रिकामी केली होती, बायकोनेही आनंदाने होकार दिला होता, माझ्या बदलीसाठी कुणाला भेटायचं तेही त्याने काढून ठेवलं होतं. त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मला आणखी राग येत होता. गॅस कोण बघणार, औषधाची तारीख कोण वाचणार, रस्ता कोण ओलांडणार, असं तो एकेक विचारत गेला. मी एकेकाचं उत्तर देत गेले. शेवटी तो म्हणाला, तुला सगळ्याचं उत्तर असतं, पण मला पुण्यात झोप लागणार नाही त्याचं काय?

रविवारी जेवणं झाल्यावर आई म्हणाली, लाव की तुजं. मी खेळ लावला. आम्ही वेधशाळेच्या घुमटाखाली अडकलो होतो, वरची झडप उघडत नव्हती. भाऊ माझ्यामागे उभा राहिला. त्याला पडद्यावरचं वाचता येत होतं, त्यामुळे मी सांगायच्या आधीच तो घाईने म्हणायचा, अगं चाक फिरव ना, चाक लिहिलंय तिथे. आईने त्याला दटावलं, मला इचार करू दे. मी एकेक वाक्य सांगत होते. आई दाण्यात बोटं फिरवत विचार करत होती, मधूनच विचारत होती, जिन्याखालची पेटी उघडली होती का आपण, तिच्यात तेल होतं. मी उत्तर देत होते. आम्ही खाली गेलो, तेल आणलं, चाकाला लावलं, झडप उघडली. आई स्वतःशीच हं म्हणाली. भाऊ हळूच कॉटवर तिच्याशेजारी बसला आणि त्याने विचारलं, आई, आता खरं सांग, तुला माझा चेहरा दिसतोय का?

ती सवयीने काहीतरी सांगणार, तो वाळलाय, दाढी वाढलीय असलं काहीतरी, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, न्हाय दिसत बाळा, तिथं कुनीतरी बसलंय एवढंच दिसतंय. भावाचा श्वास मला ऐकू आला. मग आईने ताट बाजूला ठेवलं.

"तू ने, मी येती. तुज्या घरात मला काय कमी पडनार न्हाय," ती म्हणाली. "पर तितं मी आंधळी म्हातारी हुनार. हितं मी हिची आई हाय."

भाऊ उठला, चप्पल घातली, आणि आईच्या थेंबांची दुसरी बाटली या घरात असलेली बरी म्हणून ती आणायला औषधाच्या दुकानात गेला.